ठाण्याची खिडकी आणि वसईचे ट्रक

किस्से गोळा करायचे असतील तर माणसानं लग्नाबारशाला जाऊ नये. सरळ वाहन कराच्या रांगेत उभं राहावं! वसईच्या एका साप्ताहिकात मी बातम्या लिहायचो, तेव्हा वालीव नाक्यावरचे ट्रकवाले माझे दोस्त. टॅक्स भरायचा ठाण्याला. जो ठाण्याला जाऊन यायचा, तो पावतीबरोबर एखादा किस्साही घेऊन यायचा. काही वर्षांत माझ्याकडे बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले.

आज हसत सांगतोय, कारण सगळं निभावलं. पण एका पावसाळ्यात आमच्या हिराजीचा ट्रक जाता जाता राहिला. हिराजी चंदनसारचा. घरची थोडी भातशेती, आणि भावाभावांत मिळून एकच ट्रक. विटा, मीठ, रेती, काहीही वाहायचा. कुणीतरी निनावी तक्रार ठोकून दिली की हा टॅक्स चुकवतो. तक्रार करणाऱ्याला सही लागत नाही, टॅक्स भरणाऱ्याला मात्र पानोपानी सह्या! तक्रार खरी ठरली असती तर ट्रक जप्त, आणि सगळे भाऊ पुन्हा मिठागरावर मजुरीला.

तर त्या वर्षांतल्या या गोष्टी.

* * *

आमच्यात सगळ्यांत भित्रा करदाता म्हणजे दामूकाका. केळीची बागाईत, आणि केळी वाहायला स्वतःचा ट्रक. मुदतीच्या पहिल्याच दिवशी ठाण्याला हजर.

रांगेत उभं राहून पाय दुखले की लोक आपल्या जागी पिशवी, चप्पल असं काहीबाही ठेवून चहाला जायचे. दामूकाकांनी केळ्यांची फणी ठेवली. चहा पिऊन येतात तर रांग पुढे सरकलेली. लोक इतके प्रामाणिक, की प्रत्येकानं फणी आपल्यापुढं ढकलत ढकलत खिडकीपर्यंत पोचवली होती. फणी खिडकीच्या आत, आणि क्लार्कच्या तोंडात केळं!

काका घाबरून म्हणाले, "साहेब, तो माझा नंबर होता हो."

"खाल्ला की आम्ही तुमचा नंबर!" क्लार्क साल टाकत म्हणाला. "बरा होता. आणा कागद."

नाक्यावर हे ऐकून मी भडकलो. म्हटलं, "काका, ही लाचच झाली. मी छापणार!"

काकांनी माझा हात धरला. "छाप बाबा. पण पुढच्या वर्षी माझा टॅक्स तूच भरायला जा."

छापलं नाही.

* * *

त्याचा राग मी दुसरीकडे काढला. वसई-विरारच्या माणसानं प्रत्येक कामाला घोडबंदरवरून ठाण्याचा फेरा का मारायचा? आठवड्यातून एक दिवस कारकून इकडे बसवा, असा मी अर्ज केला. चांगला मुद्देसूद. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळवलेला माणूस मी!

उत्तर आलं, हे विशेष. "ठाणे येथे येणे गैरसोयीचे असल्याबाबत आपले म्हणणे मांडण्यासाठी अर्जदाराने ठाणे येथे समक्ष हजर राहावे."

नाक्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हिराजी म्हणाला, "जातोस तर माझापन टॅक्स भरून ये ना!"

* * *

पावलू वसई पश्चिमेच्या एका चर्चच्या पॅरिशमधला. नवा ट्रक घेतला तेव्हा फादरना बोलावून आशीर्वाद घेतला आणि काचेवर प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत ख्रिस्तोफरची तसबीर चिकटवली. टॅक्स भरल्याचं टोकन काचेवर डाव्या बाजूला लावायचा नियम. पावलूच्या बायकोनं तसबीर नेमकी तिथंच लावलेली, टोकन झाकून!

महामार्गावर हवालदारानं अडवलं. "टोकन कुठाय?"

"संताच्या मागं हाय, साहेब."

"मग काढ की तसबीर."

"मी? पाद्रीबाबांनी पवित्र पानी शिंपडलंय त्यावर. मी नाय हात लावनार. तुमी काढा."

हवालदार गळ्यात माळ घातलेला माणूस. तसबिरीकडे बघितलं, पावलूकडे बघितलं, समोरच्या घाटाकडे बघितलं. त्याला त्याच ट्रकमधून पुढच्या चौकीपर्यंत जायचं होतं.

"राहू दे," म्हणाला. "आत असेलच."

* * *

वालीवच्या रस्त्याबद्दल मी इतक्या वेळा लिहिलं, की संपादक म्हणायचे, "खड्डा तोच आहे ना? मग जुनीच बातमी टाकू." पावसाळा लागायच्या आधी, वळवाच्या सरीत, या खड्ड्यात हिराजीचा ट्रक अडकला. मागून टॅक्स तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची जीप आली. ट्रकला वळसा घालायला गेली आणि शेजारच्या खड्ड्यात बसली.

हिराजीनं आधी आपला ट्रक काढला, मग दोर बांधून जीप ओढून काढली. इन्स्पेक्टरनं चिखल झटकला आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "टोकन दाखव."

हिराजीनं काच पुसून दाखवलं. म्हणाला, "साहेब, टॅक्स मी दाखवला. आता रस्ता तुमी दाखवा!"

नाक्यावर दिवसभर हशा. दामूकाका मात्र हसले नाहीत. "हिराजी, जपून रे. उद्या कुनी तक्रार केली तर? गाडी एकच हाय."

* * *

आणि पावसाळ्यात तक्रार झालीच. ती काय होती, ते सांगितलं पाहिजे. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद, मिठागरं बंद, ट्रक नुसते उभे. सरकारला आधी लिहून द्यायचं, की गाडी अमुक जागी उभी राहील. तेवढ्या काळाचा टॅक्स माफ. याला सगळे 'नॉन-यूज टाकणं' म्हणायचे. पण मधे चाक हललं की मेलात! पूर्ण टॅक्स, वर दंड, आणि गाडी ताब्यात. इन्स्पेक्टर कधीही येऊन बघणार.

पावलूनं हे इतकं मनावर घेतलं, की नातवाचा बाप्तिस्मा भर पावसात आला तरी अंगणातला ट्रक इंचभर हलवला नाही. मांडव ट्रकसकट घातला. बँडवाले हौद्यात बसले, मागचा फाळका पाडून त्यावर जेवणाची पातेली ठेवली. दामूकाकांना तिथंही घाम. "पावलू, मालाच्या गाडीत इतकी मान्सं चालतात का रे?"

"गाडी चालत नाय ना काका," पावलू म्हणाला. "मग मान्सं चालतात!"

* * *

हिराजीनंही त्या पावसाळ्यात नॉन-यूज टाकला होता. तक्रारीत म्हटलं होतं, ट्रक लपूनछपून दगड वाहतोय. आम्हाला माहीत होतं, हे खोटं आहे. पण आमचं माहीत असणं सरकारदरबारी कोण विचारतो?

एका सकाळी जीप नाक्यावर थांबली. इन्स्पेक्टर नवा होता. हिराजीला आत बसवलं, पंच म्हणून दामूकाका आणि पावलू. मी आपणहून चढलो.

"तुम्ही पत्रकार. तुम्ही पंच नको," इन्स्पेक्टर म्हणाला.

"पंच नाही, साक्षीदार!" मी म्हटलं. "काय लिहिता ते मला बघायचंय."

हिराजी वाटभर खाली मान घालून नखं कुरतडत होता.

चंदनसारला घरामागच्या बांधाशी पोचलो. इन्स्पेक्टरनं कागद बघितला, बांध बघितला. "गाडी कुठाय?"

ट्रक नव्हता! दामूकाकांनी डोळे मिटले. समोर नुसता हिरवागार ढिगारा.

"ती काय," हिराजी खालमानेनं म्हणाला.

ढिगाऱ्याला पुढं दोन दिवे होते! हिराजीच्या आईनं मागच्या चाकाशी पडवळ लावलं होतं. वेल हौद्यावरून, टपावरून, काचेवरून खाली आलेला. पडवळं सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दगड बांधलेला. लाजेनं हिराजी आम्हाला काही बोलला नव्हता.

आई पदर खोचून बाहेर आली. "मांडवाला बांबू कुटून आनू? येवढा मांडव दारात उभा असताना!"

इन्स्पेक्टरनं पानं बाजूला करून नंबर वाचला. मग बॉनेटकडे हात नेला. "उघडा. इंजिन बघायचंय."

"हात लावशील तर बघ!" आई ओरडली. "कवळी हायेत!"

इन्स्पेक्टरनं हात मागं घेतला. टोकाचे दगड हळूहळू डोलत होते. त्यानं तक्रारीचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग पंचनाम्याचा कागद जीपच्या टपावर ठेवून मोठ्यानं म्हणत लिहू लागला.

"वाहन नमूद जागी उभे आढळले. वाहनास... पडवळे धरली आहेत."

हिराजीनं पहिल्यांदा मान वर केली. दामूकाकांनी सही करायला पेन मागितलं.

"थांब," आई म्हणाली. "वरती फुलं पन हायेत. ती पन लिव रे बाबा."