क्नाइफ

स्पेलिंगमास्तर हे नाव त्यांना पोरांनी ठेवलं होतं, आणि मनातून त्यांना ते आवडायचं. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तरी हात शिवशिवायचे. दवाखान्याच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन डॉक्टरांना सांगत. इमारतीच्या जिन्यात लावलेल्या पाणीकपातीच्या नोटिशीत लाल पेनाने दुरुस्त्या करत. बायको म्हणायची, "पाणी यायच्या आत ते पेन ठेवा आणि बादल्या भरा."

एका रविवारी दुपारी टीव्हीवर इंग्रजी भाषेच्या इतिहासावरचा माहितीपट लागला. मास्तर वही घेऊनच बसले. कोणते लोक कुठून आले, कुणाचे शब्द शेतात राहिले, कुणाचे दरबारात गेले, सगळं मजेत चाललं होतं. मधूनच ते बायकोला म्हणत, "बघ, मी हेच सांगायचो." मग पडद्यावर पिकल्या केसांच्या एक संशोधक बाई आल्या. हातात साधी भाजी चिरायची सुरी. त्या म्हणाल्या, 'नाइफ' या शब्दातला सुरुवातीचा 'के' आज कुणी उच्चारत नाही, पण काही शतकांपूर्वी सगळेच उच्चारायचे. आणि त्यांनी तो जुन्या पद्धतीने म्हणून दाखवला. 'के' स्वच्छ ऐकू आला.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. 

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"सातवीत एक मुलगी होती. दुसऱ्या शाळेतून आलेली. धडा वाचताना क्नाइफ म्हणाली. मी तिला पुढे बोलावून दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवसापासून तिचं तेच नाव पडलं, पुढे पोरांनी त्याचं कनई केलं."

"आणि मग?"

"सहामाहीनंतर यायची बंद झाली. मी हजेरीपटावर रेघ मारली."

 बायको म्हणाली, "आपले पडदे जिच्याकडे शिवायला टाकलेत ना, तिला सगळे कनई म्हणतात. हे कसलं नाव, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाली, शाळेतलं आहे."

सोमवारी मास्तर पडद्यांची पावती घेऊन एकटेच गेले. लांबट खोली, दोन मशिनी, कोपऱ्यात कापडांचा ढीग. गळ्यात टेप अडकवलेली पंचेचाळिशीची बाई पडद्याला अस्तर जोडत होती. तिची मुलगी जमिनीवर बसून रिंगा लावत होती.

"पावती?" बाईने वर न बघता हात पुढे केला.

"मी तुला शिकवलंय," मास्तर म्हणाले.

"ओळखलं. दारातून आत येण्याआधी पाटी वाचलीत ना, तेव्हाच." ती मुलीकडे वळली. "जा, पांढरा दोरा घेऊन ये."

मुलगी गेली. मास्तर उभ्या उभ्याच सांगू लागले. टीव्हीवर काय पाहिलं, तो 'के' कधी गळला, उच्चार बदलला तरी स्पेलिंग कसं तसंच राहिलं. "म्हणजे तुझा उच्चार चुकीचा नव्हता. जुना होता." बोलता बोलता आवाजाला वर्गातली धार कधी आली, ते त्यांनाच कळलं नाही.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

मास्तर ओशाळले. "पोरं तेव्हा फार हसली तुला. मी त्यांना थांबवायला हवं होतं."

"पोरं नंतर हसली, सर. आधी तुम्ही हसलात. पोरं तुमच्या तोंडाकडे बघत होती, हसायचं की नाही ते."

मास्तर नाही म्हणणार होते, पण त्यांना आठवलं. हातात खडू, तोंड फळ्याकडे आणि खांदे गदगदा हलताहेत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून दाखवली होती, तीही आठवली. इतक्या वर्षांत ही गोष्ट स्वतःला सांगताना त्यांनी स्वतःचं हसू तेवढं वगळलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "टीव्हीवर माझं बरोबर निघालं नसतं, तर आला असतात?"

मशीनवरचा छोटा पंखा फिरत होता. 

"नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. ना राग दाखवला, ना समजूत काढली. पडद्यांची घडी करून पिशवीत भरली. तेवढ्यात मुलगी दोरा घेऊन आली.

"आई, हे कोण?"

"माझे सर."

"मग यांना माहीत असेल, तुला कनई का म्हणतात ते. ही कधी सांगतच नाही, काका."

मास्तरांनी बाईकडे पाहिलं. तिची कात्री कापडावर थांबली होती. "तुला चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं. तिने खांदे उडवले.

"ते नाव माझ्यामुळे पडलं," मास्तर मुलीला म्हणाले. "मी तिची भर वर्गात टर उडवली. तिची चूक नव्हती. असती, तरी उडवायला नको होती."

मुलगी आईकडे बघत राहिली. आई म्हणाली, "रिंगा मोज. दोन कमी पडतील."

घरी बायकोने पडदे लावले, मास्तरांनी स्टूल धरलं. "माफ केलं का तिने?"

"तसं काही म्हणाली नाही."

"आणि तिचं खरं नाव काय हो?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. हजेरीपट, लाल शाई, रेघ, सगळं डोळ्यांपुढे आलं. नाव आलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळी ते पुन्हा दारात उभे होते. "काल विचारायचं राहिलं," ते खालमानेने म्हणाले. "तुझं नाव मला आठवत नाही."

तिने कुलूप काढलं. मग तिने नाव सांगितलं आणि शटर वर ढकललं. मास्तरांनी दुसरी बाजू धरली. अख्खी गल्ली अजून तिला कनईच म्हणते. मास्तर तेवढे तिला नावाने हाक मारतात, आणि ती कधी ओ देते, कधी देत नाही.