कान गेलेल्या भागुबाईचा पाक

भागुबाईला ऐकू येत नाही, ही बातमी लोणावळ्याच्या अख्ख्या बाजाराला कळली, फक्त भागुबाईला सोडून. साहजिकच आहे. लोक कुजबुजत बोलत होते, आणि तिला नेमकी कुजबुजच ऐकू येईनाशी झालेली.

भागुबाई मूळची जवळच्या कार्ले गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून बाजारामागच्या गल्लीतल्या चिक्कीच्या कारखान्यात कढईवर उभी आहे. आता सत्तरी ओलांडली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन भट्ट्या आणि एक लांब लोखंडी टेबल. पण त्या शेडमध्ये मान कढईवाल्या बाईचा. शेंगदाणे कोणीही भाजेल, चिक्की कोणीही लाटेल, कापेल. पाक कधी उतरवायचा हे एकटीनं ठरवायचं.

तिची रीत अशी. उकळत्या गुळाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात सोडायचा. त्याची गोळी झाली की ती स्टीलच्या ताटलीवर टाकायची. कच्चा पाक धप्प पडतो. तयार पाक बारीक, काचेसारखा वाजतो. भागुबाई पाकाकडे बघायचीसुद्धा नाही. शेजारणीच्या नणंदेची भानगड मला सांगता सांगता, पाठमोरी, एका कानानं ताटली ऐकायची आणि हात वर करायची. कढई उतरलीच पाहिजे.

मग गेल्या वर्षी तो बारीक आवाज तिला ऐकू येईनासा झाला. तिला वाटलं, अजून पाक झाला नाही. म्हणून ती थांबली. आवाज काही येईना, म्हणून आणखी थांबली. पाक करपला, आख्खा घाणा कडू. पुढच्या खेपेला धसक्यानं लवकर उतरवला, तर चिक्की रबरासारखी वाकली आणि कागदाला चिकटून बसली. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाची दाढ तिच्यात रुतली म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण गोष्ट चांगली आहे म्हणून मीही सांगतो.

कारखान्याचा मालक सुहास. भागुबाईनं त्याला लहानपणी चड्डी सावरत शेंगदाणे चोरताना पाहिलेलं. तो अदबीनं म्हणाला, "मावशी, पुष्कळ केलंत. आता पॅकिंगला बसा. तुमच्यासाठी खुर्ची आणतो."

"खुर्ची बसायला आणतोस का उठवायला?"

"तसं नाही हो. कढई चैताली सांभाळेल."

चैताली तिच्या हाताखालची पोरगी, मुकाट मान खाली घालून शेंगदाणे सोलत होती. भागुबाई म्हणाली, "तिला शिकवलं कुनी? मीच न्हवं? मग मला न विचारता तिला कढई देनारा तू कोन?"

शेवटी ठरलं की आधी डॉक्टरला दाखवायचं. सुहासनं ते काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मी रिकामा असतो असा गावात समज आहे. डॉक्टरांनी तिला पेटीसारख्या बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले. बरोबर आलोच आहे तर माझीही तपासणी झाली का, हा या गोष्टीचा विषय नाही.

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, नव्या उगवत नाहीत. नळीच्या तोंडाशी असतात त्या बारीक आवाज पकडतात. प्रत्येक आवाज त्यांच्यावरून आत जातो, म्हणून उंबरा झिजावा तशा त्याच आधी झिजतात. त्यात जन्मभर भट्टीचा भणभणाट. जाड आवाज पकडणाऱ्या मात्र आतल्या बाजूला असतात, त्या शाबूत राहतात.

"म्हंजी ट्रक ऐकू येनार आन् सूनबाई न्हाई," भागुबाई म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "त्यात माझं काय लय नुकसान न्हाई."

मग तिनं डॉक्टरांना धरलंच. उंची का कमी झाली? तर मणक्यांमधल्या गाद्या वाळून चपट्या होतात, आणि मणकेही थोडे बसतात. कवळी नवी करून घेतली तरी सैल का होते? तर दात गेले की जबड्याच्या हाडावर पूर्वीसारखा ताण येत नाही, आणि ज्या हाडाला काम नाही ते शरीर पोसत बसत नाही. हाड झिजतं, कवळी डुगडुगते.

"काम थांबलं की हाड जातं?"

"साधारण तसंच, आजी."

"भाऊ, आयकलंत? हे सुहासच्या कानावर घाला. म्हनावं, मला खुर्चीत बसवून माझी हाडं खातोयस."

कानाचं मशीन मिळालं. घरी बरं चाललं. कारखान्यात त्यानं भट्टीचा भणभणाट दुप्पट केला आणि ताटली होती तशीच मुकी. दुपारपर्यंत तिनं ते काढून पदराला बांधलं. म्हणाली, "ह्यानं माझा जाळ तेवढा मोठा केला."

आठवडाभर ती पॅकिंगला बसली. बसली म्हणजे उभ्या उभ्या डबे भरले; खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवली. कढईवर चैताली. एका दुपारी चैतालीचा पाक भागुबाईला काही पसंत पडेना. उठली, वाटीतली गोळी उचलून तोंडात टाकली आणि चावली. पाक कच्चा होता. गोळी वरच्या कवळीला अशी चिकटली की तोंड उघडताच कवळी गोळीसकट हातात आली.

चैताली हसू दाबताना शेंगदाण्यांच्या पोत्यावर बसली. मीही तिथंच होतो. मी दाबलं नाही.

भागुबाई हसली नाही. कवळी हातात धरून बघत राहिली. मग नळाखाली धुतली, बसवली, थोडं थांबून दुसरी गोळी चावली. कवळी हलली, सुटली नाही. आणखी थोड्या वेळानं तिसरी. कटकन तुकडा पडला, कवळी जागच्या जागी. ती वळली आणि भट्टी बंद केली. त्याच वेळी चैतालीनं गोळी ताटलीवर टाकली. मला काही ऐकू आलं नाही, पण चैतालीच्या तोंडावरचं हसू गेलेलं मी पाहिलं; म्हणजे वाजली असणार.

भागुबाई तडक सुहासपुढं उभी राहिली. "मला एक घाना दे. बिघडला तर मरेपर्यंत डबं भरीन."

सुहासला प्रकार कळला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मावशी, कवळीनं? गिऱ्हाईक बघेल ना."

"गिऱ्हाइकाला मी चिक्की देते, कवळी न्हाई. चाखलेली गोळी माज्या पोटात जाती. आन् तुज्या बापाच्या वेळंला समदे चाखूनच ठरवायचे. तवा दात माझे होते, येवढाच फरक."

"निदान कवळी तरी घट्ट बसवून घ्या."

"खुळा का काय? घट्ट बसली तर पाक कच्चा हाय हे मला सांगनार कोन?"

दुसऱ्या दिवशी घाणा चढला. सुहास दारात, चैताली ताटली घेऊन शेजारी, मी नेहमीच्या जागी. गूळ उकळला, बुडबुडे मोठे झाले, रंग गडद झाला. भागुबाईनं पहिली गोळी चावली. कवळी सुटली, तिनं सगळ्यांसमोर धुऊन परत बसवली, पदर आड न धरता. दुसऱ्या गोळीला ती थबकली. जबडा तिरपा करून उभी राहिली. सुहासनं भट्टीकडे हात नेला, करपेल म्हणून.

"हात काढ," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तिसरी गोळी तुटली. तिनं हात वर केला, पूर्वीसारखाच. कढई उतरली, शेंगदाणे पडले, चैतालीनं लाटणं फिरवलं. गार झाल्यावर सुहासनं एक वडी मोडली, खाल्ली, दुसरी मोडली. कढई स्वतःच्या हातानं पुसून त्यानं पुन्हा तिच्या भट्टीवर ठेवली.

"उद्या शनिवार, मुंबईची गर्दी येनार," भागुबाई म्हणाली. "गूळ जादा फोडून ठेव. आन् जे काय बोलायचं ते मोठ्यानं बोलत जा."