राखून ठेवलेलं चौथं शील

"आई जरा सीरियस आहे, तू निघून ये," असा माझ्या आतेभावाचा, प्रशांतदादाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आदल्याच संध्याकाळी सांगलीहून, आत्याजवळून, दोन दिवसांपुरती परतले होते. दादाच्या आवाजामागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं... तरी तो 'जरा सीरियस' म्हणत होता आणि तरी मी 'बरं, निघते' म्हणाले. आमच्याकडे ही बातमी अशीच देतात, येणारं माणूस वाटेत कोलमडू नये म्हणून. पप्पांनी गाडी काढली. कराड मागे पडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "गेली असणार गं आक्का."

शालन आत्या पप्पांची थोरली बहीण. जन्म आटपाडीकडच्या एका गावातला, नोकरी एसटीत कंडक्टरची, आणि घर सांगलीत विश्रामबागच्या मागच्या बाजूला. आत्याचे मिस्टर लवकर गेले. प्रशांतदादाला तिनं एकटीनं वाढवलं. तिचा आवाज भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत सहज जायचा. रिटायर झाल्यावर तोच आवाज ती वस्तीतल्या बुद्धविहारात वापरू लागली. दर रविवारी पांढरी साडी नेसून ती वंदना घ्यायची. आधी ती एक ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी तिच्या मागून म्हणायची. बायका दाराजवळच बसल्या तर वंदना थांबवून ओरडायची, "पुढं सरका की गं, पुढं लय जागा हाय!" आणि सगळं विहार हसायचं.

मी इंग्रजी शाळेतली, पाहुणे आले की दारामागे जाणारी मुलगी. सुट्टीत मला सांगलीला धाडलं जाई आणि आत्या आल्या आल्या जाहीर करे, "आली बाई आमची मुकी." पण ती मला कधी 'बोल की गं' म्हणाली नाही. विहारात ती गरजच नव्हती. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळून जायचा, कुणाला वेगळा ऐकू यायचा नाही, आणि मला ते फार आवडायचं. मराठी वर्तमानपत्र नीट वाचता यायच्या आधी मला पंचशील पाठ झालं होतं. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं, नशा, यांपासून दूर राहण्याचं शिक्षण मी स्वीकारते, असं आपणच आपल्याला दिलेलं वचन. चौथ्यापाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या 'मुसावादा वेरमणी'च्या आधी, आत्या थोडी थांबायची. "ह्या आठवड्यात कोण कोण खोटं बोललं ते आठवा. मनात हं! मोठ्यानं नगं, न्हाईतर हितंच भांडणं लागतील."

एकदा ज्वारी निवडताना मी तिला विचारलं होतं, की बुद्धानं पहिलंच सत्य दुःखाचं का सांगितलं, काहीतरी चांगलं सांगून सुरुवात का नाही केली. सुपावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "अगं, डॉक्टर काय करतो? आदी आजाराचं नाव सांगतो. मग कशानं झालाय ते, मग बरा हुतो का न्हाई, आन मग औषध. नावच न्हाई सांगितलं तर माणूस औषध कशाचं घेणार?"

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादाला आत बोलावलं. तो बाहेर आला आणि आम्हाला जिन्यापाशी घेऊन गेला. "आईला अल्सर सांगायचं. कॅन्सर हा शब्द कुणी काढायचा नाही. कळलं तर ती जेवणच सोडेल." पप्पांनी मान हलवली. मीही हलवली. दादा रोज गोळ्यांच्या पाकिटावरची नावं नखानं खरवडून काढायचा. फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "बरी आहे, अल्सर आहे, होईल कमी." त्यात प्रेमाशिवाय दुसरं काहीच नव्हतं, हे मी अगदी जवळून पाहिलंय. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. म्हणून मी आत्याच्या सोबतीला राहायला गेले होते.

विहारापर्यंत चालवेना, तेव्हा रविवारी बायकाच घरी यायला लागल्या. आत्या कॉटवर उशीला टेकून वंदना घ्यायची, आम्ही खाली चटईवर. आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच. अशाच एका रविवारी पंचशील सुरू झालं. पहिलं झालं, दुसरं, तिसरं... नेहमीसारखी ती थांबली. दादा माझ्या शेजारी हात जोडून बसला होता, साताऱ्याहून आलेले पप्पा त्याच्या मागे. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम पाचवं म्हणाली. काही जणी तिच्या मागून म्हणाल्या, काही गोंधळून थांबल्या. शेजारच्या कमलताई हळूच म्हणाल्या, "आक्का, चवथं राह्यलं."

"राह्यलं न्हाई. राखून ठेवलंय," आत्या म्हणाली. "ह्या घरातल्या माणसांना सध्या झेपायचं न्हाई ते. घ्यायचं आन लगी मोडायचं, त्यापरीस असू दे."

दादा उठून चहा टाकायला आत गेला. "गोळ्यांनी गुंगी येते तिला," बायका गेल्यावर तो मला म्हणाला.

दुपारी मी तिचे पाय चेपत होते. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मुके, तू खोटं बोलत न्हाईस. पर गप बसतीस. ते काय लय लांबचं गाव न्हाई." मी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, "मला ठाऊक हाय हे त्याला सांगू नगस. त्याच्या त्वांडानं येऊ दे. तो बोलला की मग तूबी मोकळी." मला वाटायचं, औषधापेक्षाही ती त्याचीच वाट बघत होती. मुलानं आपल्या आजाराचं नाव घ्यावं, म्हणजे मग त्याच्याशी खरं काय ते बोलता येईल. घराचं, तिच्या पश्चात त्यानं कसं राहावं त्याचं, कदाचित त्याच्या वडिलांचंही... काय बोलायचं होतं ते आता कळणार नाही.

पुढचे सगळे रविवार चारच शीलांचे गेले. दादा कधीकधी कॉटवर तिच्या पायाशी येऊन बसायचा. "आई..." म्हणायचा. ती डोळे उघडून त्याच्याकडे बघायची, अगदी सावध होऊन. आणि तो म्हणायचा, "पाणी देऊ?" ती म्हणायची, "दे." तहान नसली तरी घोटभर प्यायची, आणि मग भिंतीकडे वळायची.

तो बोलला नाही. ती गेली.

ती गेल्यानंतरच्या विधीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बौद्धाचार्यांनी पंचशील दिलं, पाचही. मांडव भरलेला होता, सगळे एका आवाजात म्हणत होते. चौथ्याला दादाचे ओठ मिटलेले होते. मी बघितलं, आणि बघितलंय हे त्याला कळू दिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी सांगलीला गेले होते. आत्याचा फोन दादानं अजून चालू ठेवलाय. आम्ही जेवायला बसत होतो आणि तो वाजला. पलीकडे आटपाडी डेपोचे तिचे जुने ड्रायव्हर होते. वय झालेलं, ऐकायला कमी, त्यामुळे त्यांचा आवाज घरभर येत होता. "आवं बाई, हायसा का? लय दिस झालं फोन न्हाई तुमचा!"

"आई झोपलीय काका," दादा म्हणाला. "बरी आहे. अल्सर आहे, होईल कमी." आणि फोन ठेवला.

ताटावर हात तसाच ठेवून तो बसून राहिला. इतके महिने बोलून बोलून ते वाक्य त्याच्या तोंडात बसलं होतं, आपोआप आलं होतं. थोड्या वेळानं त्यानं हात धुतले आणि तोच नंबर परत लावला. "काका, मगाशी मी खोटं बोललो. आई गेली. कॅन्सर होता तिला... हो. मला माहीत होतं. तिला सांगितलं नाही मी." पलीकडून म्हातारा माणूस रडतो तसा आवाज आला. दादानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, मध्येच फोन कापला नाही.

त्यानं फोन खाली ठेवल्यावर मी म्हणाले, "दादा, आत्याला सगळं माहीत होतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "तिनं चौथं राखून ठेवलं, त्या दिवसापासून माहीत आहे."

मग त्यानं उठून आत्याचा फोन चार्जिंगला लावला. "अजून बऱ्याच जणांना कळलेलं नसेल," तो म्हणाला. "तिचे फोन येतील. आला तर तू उचलू नकोस. मी सांगीन."