टाकीवरचं नाव

जुन्या छोट्या मोटारसायकली जमवण्याचा मला नाद आहे. त्यातही परदेशातली कपडे, भांडी, घड्याळं विकणारी मोठी दुकानं ज्या गाड्या स्वतःच्या नावाचा शिक्का मारून विकत, त्यांच्यावर माझा विशेष जीव.

तशी एक मिरजेत सुमनताईंच्या अंगणात असल्याचं कळलं. यजमान गेल्यापासून ती पडूनच होती. निळ्या टाकीवर ब्रशनं लिहिलं होतं, ‘वैशाली’.

“लेकीचं नाव,” ताई म्हणाल्या. “तिच्या बारशाला ह्यांनी स्वतः टाकी रंगवून लिहिलं. आता तीच म्हणते, विकून टाक.”

शिक्का असलाच तर त्या रंगाखाली असणार होता. तो नसेल, तर गाडी माझ्या लेखी भंगार.

“खाली दुकानाचा शिक्का असला, तरच हिला गिऱ्हाईक. जरा घासून बघू?” मी पॉलिश पेपर ओला करत विचारलं.

त्यांनी टाकीवरून एकदा हात फिरवला. मग पदर मुठीत आवळून म्हणाल्या, “बघा.”

कडेचा रंग सुटला आणि सोनेरी अक्षराची कोर दिसली. शिक्का होताच. पण पुढचं वाचायचं तर ‘वै’ पुसावा लागणार होता.

हात पुढे जाईना. वस्तूचं खरं नाव कुठलं? विकणाऱ्यानं दिलेलं, की जन्मभर वापरणाऱ्यानं? इतकी वर्षं मी पहिलंच शोधत हिंडत होतो.

“सापडला शिक्का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी खोटंच बोललो.

ताईंनी मुठीतला पदर सोडला.

“म्हणजे आता कुणी न्यायला येणार नाही ना?”