तात्यांनी विचारायला बोलावलं: सोलापूरचे दोन दिवस

सोलापूरला काय बघायचं, असं कुणी विचारलं की मी भुईकोट किल्ला सांगतो, तळं सांगतो, शेंगाचटणी जरा जास्तच बांधून आणा म्हणतो. या वेळी मात्र मी यातलं काहीच करायला गेलो नव्हतो. मला बोलावणं आलं होतं.

सुमेध आणि मी सात वर्षं पुण्यात एकत्र राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने घरी आमच्याबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून त्याचे वडील, म्हणजे तात्या, त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. फोन चुकून उचललाच तर लगेच आईच्या हातात द्यायचे. सुमेधनेही घरी जाणं सोडलं. आणि फेब्रुवारीत एका रविवारी आई फोनवर म्हणाली, "तात्या म्हनत्यात, त्या लिहिनाऱ्याला घिऊन ये. त्याला एक विचारायचं हाय."

लिहिणारा म्हणजे मी. या ब्लॉगवर फिरस्ती कमी आणि सिनेमा-मालिकांवर तोंडसुख जास्त असतं, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. माझं जुनं गाऱ्हाणं असं, की पडद्यावर आमच्यासारख्यांच्या वाट्याला दोनच कामं येतात, हसवणं नाहीतर मरणं. आमच्या बापांनाही दोनच असतात. दार आपटायचं, नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत येऊन मिठी मारायची. तात्या दार आपटणाऱ्यांतले, हे मी त्यांना न बघताच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला गाडी काढली. रस्ता चांगला आहे, चहापाणी धरून पाच तास ठेवा. उसाचा हंगाम असेल तर इंदापूरपासून पुढे जपून चालवा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. भिगवणला चहा घेतला. टेंभुर्णीच्या पुढे एका ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, ती मात्र झकास होती. माढ्याचा फाटा मागे पडला तशी सुमेधने गाणी बंद केली.

"ते तुला बोलतील," तो म्हणाला.

"बोलू देत."

"आणि तू उलटून बोललास, तर मला ते घर संपलं."

माझ्या जिभेला हाड नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं घर उघडं राहणार की कायमचं मिटणार, ते मी त्या एका प्रश्नाला काय उत्तर देतो यावर येऊन ठेपलं होतं.

राहायला सात रस्त्याजवळ लॉज घेतला. खोली चौदाशेला, स्वच्छ, खाली गाडी लावायला जागा. रजिस्टर पुढे करत मॅनेजर म्हणाला, "एकमेकांचे कोन तुमी?" सुमेध सवयीने म्हणाला, "चुलतभाऊ." कायदा बदलला आणि आम्ही गुन्हेगार उरलो नाही, हे खरंच मोठं काम झालं. पण नातेवाईकही झालो नाही. रजिस्टरमधल्या नात्याच्या रकान्यात खरं लिहायला आमच्याकडे अजून शब्द नाही, आणि ही गोष्ट मला दर लॉजमध्ये नव्याने टोचते.

घरी पोचलो तो नेमका पाण्याचा दिवस निघाला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, पाळी असते. पाळीच्या दिवशी पाहुणा कितीही मोठा असो, आधी पाणी. त्यात तात्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम करून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. मला त्यांनी "जय भीम" म्हटलं. सुमेधच्या हातात त्यांनी न बोलता नळाची पाइप दिली. मी कळशी उचलली तशी आई म्हणाली, "तुमी बसा की."

"उचलू दे," तात्या म्हणाले. "पुन्यात ह्येंना सवय न्हाय."

हंडे, कळश्या, बादल्या झाल्या. अंगणातलं पिंप तेवढं राहिलं होतं. सुमेधला तिथे उभं करून तात्यांनी मला आत कॉटवर बसवलं आणि एका पिशवीतून दोन झेरॉक्स काढल्या. तो माझाच लेख होता. मागच्या वर्षी एका विनोदी कार्यक्रमावर चिडून लिहिलेला, बराच फिरलेला. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तो त्यांच्यापर्यंत आला होता. एका ओळीखाली लाल रेघ मारलेली.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "संगीत नाटकांचा जमाना सोडला, तर आपल्याकडे पुरुषाने स्टेजवर साडी नेसली ती फक्त हसं करायला. एकानेही कधी ती माणूस म्हणून नेसलेली नाही."

तात्यांनी पिशवीतून एक काळापांढरा फोटो काढला. कंदिलाच्या उजेडात उभी, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, हातात शाळेची पाटी.

"कोन ही?"

"सुमेधची आत्या?"

"मी हाय ते."

मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"वस्तीचं कलापथक होतं आमचं," तात्या म्हणाले. "पोरी शाळंत घाला, दारू सोडा, असली नाटकं. गावोगाव जायचो. बाया कुटं यायच्या स्टेजवर? मग मी आई व्हायचो. माज्या आईचंच लुगडं नेसायचो. पुढं बसलेल्या बाया रडायच्या. हसलं न्हाय कुनी. आट वर्सं नेसलो, आनि तू लिव्हलंस एकानंबी न्हाय."

"माझं चुकलं, तात्या," मी म्हणालो. खरंच चुकलं होतं, आणि मला लाजही वाटली. आमच्याविषयी न विचारता लिहितात म्हणून मी जगाला धारेवर धरतो, आणि मी तरी कुणाला विचारलं होतं?

"ते ऱ्हाऊ दे. त्यासाटी न्हाय बोलवलं."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "नाटकात न्हाय हसले, पन भाईर चिडवायचे. शिट्या मारायचे, चिमटे काढायचे. लग्न झालं आनि मी सोडलं. पोराला कदी सांगितलं न्हाय. आनि त्यानं हे सांगितलं तवापास्नं माज्या डोक्यात एकच. मी नेसलो, म्हनून पोरगं असं झालं का? तू ह्यातलं लई वाचलंयस. खरं सांग. माज्यामुळं झालं व्हय?"

त्यांच्या दोन वर्षांच्या अबोल्याला आम्ही राग समजत होतो.

"नाही तात्या. तुमच्यामुळे नाही. हे कुणामुळे होत नसतं. आणि त्यात वाईटही काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर पिंप केव्हाच भरून पाणी अंगणात पसरलं होतं. सुमेध पाइप हातात धरून दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पाइप काड की," तात्या त्याला म्हणाले. "पानी वाया चाललंय."

मग आम्ही जेवलो. कडक भाकरी, शेंगाची आमटी, चटणीवर दही. रविवारी सकाळी तात्या आम्हाला घेऊन त्यांचं स्टेज असायचं ती जागा दाखवायला निघाले. तिथे आता गाड्यांचं गॅरेज आहे. बघण्यासारखं काही नाही, पण तात्यांनी कुठे कंदील टांगायचे, बाया कुठे बसायच्या, हे सगळं सांगितलं, आणि सुमेध प्रश्न विचारत राहिला. हे लिहू का, असं मी विचारलं. "लिव्ह. पन हसं करू नगं," एवढीच अट.

परत येऊन आता दोन महिने झाले. तो लेख मी काढलेला नाही. ती ओळ खोडली आहे, आणि खोडलेली दिसेल अशी ठेवली आहे. मिठी कुणी मारली नाही, त्यामुळे याचा सिनेमा होणार नाही. एका उत्तराने तात्यांचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं, तसंही झालं नाही. दर रविवारी ते मला फोन करतात, पाणी आलं का, ऊन किती, असं बोलतात, आणि ठेवायच्या आधी विचारतातच, "नक्की का? माज्यामुळं न्हाय की?" मी दर वेळी नाही म्हणतो.

गेल्या रविवारी सुमेधने माझ्या हातातून फोन घेतला.

"तात्या," तो म्हणाला, "तुमच्यामुळं असतं तरी मला चाललं असतं."

मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसलो. अर्धा तास तरी ते दोघं बोलत होते.