तुर्भ्याचे टेरोसॉर

हे किस्से याच क्रमाने घडले का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. एकाच शेडमधले किस्से साठत गेले की एकमेकांना चिकटतात. नव्वदच्या दशकात तुर्भ्याला एका बागेसाठी टेरोसॉर बनत होते, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी. फायबरचे, मूळ आकाराचे. मी जीवाश्मशास्त्राचा प्राध्यापक. चित्रं माझी, बागेतल्या फलकावर नाव माझं. एक चूक निघाली तर लोक काय म्हणतील, या टेन्शनमध्ये मला जेवण जात नसे.

*

मुख्य कारागीर हरीभाऊ. पेणचे, आयुष्यभर गणपती घडवलेले. पहिल्या टेरोसॉरचे डोळे रंगवून झाले म्हणून बघायला गेलो आणि हादरलोच. दात हे एवढाले, आणि वर शांत, प्रेमळ नजर!

"हरीभाऊ, हा मासे गिळायचा! आशीर्वाद कसला देतोय?"

"काय करू सर, हात तसाच फिरतो."

*

साच्यात फायबर बसवायचं काम कोपरखैरण्याच्या सुरेखाताईंचं. अख्खा पंख एका लांब बोटावर ताणलेला असतो, असं मी सांगितलं. त्या बघतच राहिल्या.

"एका बोटावर? माझ्या बोटावर भाजीची पिशवी राहत नाय, सर!"

घरी जाऊन मी तीन पुस्तकं उघडली. बोट एकच होतं. तरी झोप लागली नाही.

*

एकदा मदत म्हणून फायबरच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर मी ओतलं. जास्त पडलं. बादली तापली, धूर निघाला आणि मी थेट रस्त्यावर! सुरेखाताईंनी शांतपणे बादली अंगणात नेऊन ठेवली.

"सर, तुमची पीएचडी कशातली म्हणालात?"

*

पहिला टेरोसॉर ट्रकवर चढला, तेव्हा हरीभाऊंनी सवयीने त्याच्या तोंडावर रुमाल टाकला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने हात जोडले. "मोरया!"

तेवढ्यात वाऱ्याने रुमाल उडाला. रिक्षा सिग्नल सोडून रिव्हर्समध्ये!

*

शेवटचा सगळ्यात मोठा. माझ्या चित्रात तो पंख मिटून दोन पायांवर उभा. प्रत्यक्षात तीनदा तोंडावर आपटला.

"सर, हा असा राहनार नाय," हरीभाऊ म्हणाले. "याला पुढं हात टेकू द्या."

"अहो, ही काय गाय आहे? शास्त्रात बसत नाही ते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेचे मालक बघायला आले. मी पोचलो तर टेरोसॉर पुढचे हात टेकून, चार पायांवर ऐटीत उभा! मालक खूश. मला दरदरून घाम.

"हे साफ चूक आहे," मी म्हणालो. "फलकावरून माझं नाव काढा. आत्ताच्या आत्ता!"

"राहू द्या ना सर," हरीभाऊ म्हणाले. "उभा तर हाय!"

मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनीच शेडमध्ये तयार ठेवलेल्या फलकाच्या पत्र्यावरचं माझं नाव खरवडून काढलं.

बऱ्याच वर्षांनी लायब्ररीत खडकांतल्या ठशांवरचं संशोधन वाचायला मिळालं. दोनदा वाचलं. मागच्या पायांच्या ठशांबरोबर हातांचेही ठसे होते. टेरोसॉर जमिनीवर चार पायांवर चालत.