सावकाश चालणारी मोटारसायकल

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते. एका परदेशी रॉक गायकाचं एक गाणं मी उभं आयुष्य चुकीच्या वेगाने ऐकलं. त्यावर व्याख्यानं दिली, ज्यांना ते आवडलं नाही त्यांना अरसिक ठरवलं, आणि आता या वयात त्याच गाण्यासाठी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पदर खोचून भांडले.

ग्रुप त्या गायकाच्या मुंबईतल्या चाहत्यांचा. बंगलोरला नोकरीला जायच्या आधी नातीने मला त्यात घातलं. "आजी, तुला बोलायला माणसं मिळतील," म्हणाली. ती गेली आणि नाहूरच्या फ्लॅटमध्ये माझ्याशी बोलणारे दोघंच उरले. एक दूधवाला, आणि दुसरी लिफ्टमधली बाई, 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी. ती रेकॉर्ड केलेली असली तरी कधी कंटाळा करत नाही.

ग्रुपवर मात्र जाग असते. फुलं नाहीत, सुविचार नाहीत, सकाळी उठल्यापासून थेट मारामारी. गायक आता माझ्याहूनही म्हातारा, पण थांबायचं नाव नाही. दिवाळी अंक निघावा तसा याचा दरवर्षी एक आल्बम निघतो. दिवाळी अंकासारखंच, त्यात दोन-चार गोष्टी चांगल्या आणि बाकी जाहिराती. मग कुठला काळ सोन्याचा आणि कुठला भंगाराचा, यावर ग्रुप पेटतो. बोरिवलीचे एक निवृत्त बँकवाले आहेत, ते प्रत्येक आल्बमला शंभरपैकी मार्क देतात. सुरुवातीचे काही सोडले तर बाकी सगळे नापास. अंधेरीचा एक पोरगा त्यांना डिवचत असतो, "काका, तुम्ही पेपर न वाचताच तपासता." मी चहा घेत हे सगळं वाचते. बहुतेक वेळा नुसती वाचते.

यंदाच्या आल्बममध्ये गायकाने आपलंच एक जुनं गाणं परत गायलं. मोटारसायकलवरचं. ते ज्या आल्बममधलं, तो सर्वांत वाईट यावर अख्ख्या ग्रुपचं एकमत आहे. एरवी त्यांचं आज वार कुठला यावरही होत नाही. नवं गाणं ऐकून सगळे तुटून पडले.

"झोपला रे म्हातारा."

"गाडी पंक्चर आहे. ढकलत नेतोय."

"मूळ गाणं निदान पळत तरी होतं यार!"

हे शेवटचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी टाईप केलं, "काहीही बदललेलं नाही. मूळ गाणं असंच आहे, असंच संथ. कान साफ करून घ्या."

बँकवाले म्हणाले, "मॅडम, मूळ पुन्हा एकदा ऐका."

"मला नका सांगू. आलं तेव्हापासून ऐकतेय."

त्यांनी लिंक पाठवली.

आता माझ्या या तोऱ्यामागची हकिगत सांगायला हवी. लग्न होऊन मी घाटकोपरच्या चाळीत आले तेव्हा मरोळच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. तेव्हाची मी म्हणजे काय विचारू नका. चार इंग्रजी पत्रं न चुकता टाईप करता येतात, एवढ्या भांडवलावर साऱ्या घाटकोपरला अडाणी समजणारी बया! ऑफिसातल्या एका साहेबांकडे या गायकाची रेकॉर्ड होती, त्यावरून त्यांनी मला कॅसेट भरून दिली. आमच्या खोलीत टेपरेकॉर्डर होता, तो सासूबाईंच्या भजनांसाठी. हे दुसऱ्या पाळीला गेले आणि सासूबाई देवळात गेल्या, की मी भजनं काढून साहेबांची कॅसेट घालायची.

घरात मग आम्ही दोघीच. मी आणि माझी नणंद. ती तेव्हा कॉलेजात होती. गाणं जड पावलांनी यायचं, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. मी तिला अर्थ सांगायची.

"मोटारसायकल म्हणजे इथे मृत्यू आहे, कळलं?"

"मग तो हॉर्न कशाला वाजवतो?"

"तो हॉर्न नाही. हंबरडा आहे."

असली मी शहाणी! त्या गायकाला नक्की क्षय असणार, हेसुद्धा मीच ठरवलं होतं. पण चेष्टा बाजूला ठेवून सांगते, ते गाणं माझं होतं. माहेर मुलुंडला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी त्या खोलीत मला परमुलखात आल्यासारखं वाटायचं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. ते गाणं लागलं की वाटायचं, आपल्यासारखंच आणखी कुणीतरी हळूहळू चाललंय. पुढे टेपरेकॉर्डरने ती कॅसेट गिळली. फीत भुर्जीसारखी बाहेर आली. नंतर मोबाइलवर त्याची बाकी सगळी गाणी ऐकली, हे कधी लावलं नाही. पाठ होतं. पाठ असलेलं कशाला लावायचं?

तर ती लिंक उघडली. पहिल्यांदा वाटलं, फोन बिघडला. बंद करून चालू केला. तेच. टणाटण उड्या मारणारं गाणं, वरातीत वाजावं असं. गायक चिरक्या आवाजात नवी गाडी घेतल्याचा आनंद सांगत होता. बस, एवढंच. मध्ये हॉर्न वाजला. हॉर्नच होता हो तो.

ग्रुपवर मुलुंडचे एकजण आहेत, जन्मभर रेकॉर्डिंग स्टुडिओत काम केलेले. त्यांना मी कॅसेटचं सांगितलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, "आजी, साहेबांचं मशीन जोरात फिरत असणार. जोरात फिरणाऱ्या मशीनवर भरलेली कॅसेट आपल्या साध्या मशीनवर हळू वाजते, आवाजही जाड होतो. तुम्ही ऐकलंत ते गाणं त्याने गायलेलंच नाही."

मग जी काही हसाहस झाली! "आजी, तुमचं व्हर्जन रिलीज करा." "आजींना शंभरपैकी शंभर." हा शेरा चक्क बँकवाल्यांचा. मीही हसरी तोंडं पाठवली, एकदम दहा-बारा, आणि फोन पालथा घालून ठेवला.

हसणं त्यांचं बरोबरच होतं. पण मला राहून राहून एकच वाटत होतं. ते गाणं जगात कुठेच नव्हतं, फक्त आमच्या खोलीत होतं. खोली पाडून तिथे टॉवर झाला. हे गेले, सासूबाई गेल्या, कॅसेट तर कधीच गेली. ते हळू गाणं ऐकलेलं दुसरं माणूस उरलं होतं ते एकच, दहिसरची माझी नणंद. तिला जर आठवत असेल, तर ते होतं. नाहीतर मी आणि एक बिघडलेलं मशीन.

हे गेल्यापासून आमचं बोलणं सणावारापुरतंच. मी फोन न करताच तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "काय गो, कोण वारलं?"

"कुणी नाही. गाणं ऐकवायला आले."

"दहिसरपर्यंत? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिने चहा टाकला. मग मेथीची जुडी घेऊन बसली, अर्धी माझ्यापुढे सरकवली. मी आधी मूळ गाणं लावलं. दोन ओळी ऐकल्या न ऐकल्या तोच तिने तोंड वाकडं केलं.

"कोण हा? मेल्याक कसली घाई झालीय?"

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! "बघ! तुलाही वाटलं ना? आता हे ऐक." आणि यंदाचं लावलं, म्हातारपणी गायलेलं. ते तिने पुरं ऐकलं. हात मेथी निवडतच होते.

"हा बरा आहे," ती म्हणाली. "दमलाय बिचारा."

"अगं, असंच वाजायचं ना आपल्याकडे? घाटकोपरला? साहेबांची कॅसेट गं. मी तुला अर्थ सांगायची."

"तू अर्थ कशाचाही सांगायचीस. सिनेमाच्या जाहिरातींचासुद्धा."

"ते राहू दे. हे गाणं आठवतं का, ते सांग."

तिने हातातली मेथी खाली ठेवली. फोन उचलून त्यावरचा गायकाचा सुरकुतलेला फोटो लांब धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ती आता माझं मन राखायला 'हो' म्हणेल, अशी मला भीती वाटली.

"खोटं बोलायचं नाही हं," मी म्हटलं.

तिने फोन माझ्या हातात परत दिला.

"वहिनी, गाणं नाही गो आठवत मला. तू आठवतेस. डोळे मिटून अशी बसायचीस की वाटायचं, हिला हाक मारू की नको. आणि मी मारायचेच नाही."